अर्जाआधीचे उपवास

मंगळवार, अल गराफा

साबुदाणा सात रियाल, शेंगदाणे चार. दादाचं पाकीट गावाहून आलं, कुरिअरचे पैसे त्यानेच भरले.

आत ह्यांच्या अपंगत्व पेन्शनची मंजुरी. पेन्शन लागू, अर्ज मिळाल्या तारखेपासून. ती तारीख गेल्या वर्षीची. मला तर सांगितलेलं, फौज सोडली तेव्हाच अर्ज दिला.

विचारलं तर म्हणाले, "कागदावर अधू ठरलो असतो, तर इथल्या नोकरीच्या मेडिकलला कोण पास करणार होतं? खलास, आता मिळतंय ना?"

पैशाचं सोडा. इतकी वर्षं त्या अर्जासाठी मी मंगळवार केले, आणि माझ्या ताटातला साबुदाणा हे चवीने खायचे. तेव्हा घास कसा उतरला?

दादाला लिहायचं: न दिलेल्या अर्जाचे उपवास देवीला पोचतात का, गुरुजींना विचारून उलट टपाली कळव.