बाबांनी बदललेलं शेवटचं कडवं

डेटन, ओहायो

प्रिय आई,

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, कारखान्यात बसूनच काम असतं. तेव्हा काळजी करू नकोस.

गायक ऑर्विल टॅकेट गेला, हे तिकडेही कळलं असेल. काल रेडिओवर त्याचीच गाणी चालली होती. घरमालकीण म्हणाली, "तुम्हा केंटकीवाल्यांना रडायला गाणंच लागतं." पण मी रडले नाही, चक्रावले.

आठवतं, शनिवारी बाबा ट्रकची बॅटरी काढून रेडिओला जोडायचे? टॅकेटचं खाणकामगाराचं गाणं शेवटच्या कडव्याशी आलं, की खटकन रेडिओ बंद. "बॅटरी वाचवा, उद्या चर्चला काय ट्रक ढकलत जायचं?" मग ते कडवं स्वतःच गायचे. त्यात तो माणूस घरी येतो आणि पोरं त्याच्या डब्यात राखलेला केक शोधतात.

काल मी गाणं पुरतं ऐकलं. आई, तो घरी येतच नाही गं.

तुला माहीत होतं? बाबांनी ते कडवं कधी रचलं असेल? त्यांना मात्र विचारू नकोस.

त्यांचा खोकला कसा आहे? आणि धाकट्या एल्सीसाठी ते अजून खाणीतून येताना डब्यात केक राखून आणतात ना?

तुझीच,
नेवा