एक नंबर कमी

पप्पा,

आज तुमच्या नातीचा नंबर पुन्हा वाढला. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिसरीत आहे, नाक तुमचं आहे आणि डोळे दुर्दैवाने माझे. गेल्या वर्षी ठाण्याच्या डॉक्टरांनी तिला नव्या प्रकारची भिंगं दिली. मधून नीट दिसतं, कडेला बारीक ठिपके असतात, त्यामुळे डोळा लांबत जाण्याचा वेग कमी होतो म्हणे. नवऱ्याला ते पटलं नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘‘भिंगांवर फार भिस्त ठेवू नका. रोज उन्हात खेळायला पाठवा.’’ बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, ‘‘मग घालायची की नाही?’’ मी म्हटलं, घालायची. अगदी तुमच्यासारखं म्हटलं, समोरच्याला पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

मला डोंबिवलीचं ते चष्म्याचं दुकान आठवतं. मी पाचवीत आहे, तुम्ही कोर्टातल्या नोकरीवरून परस्पर आला आहात, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग आहे. काउंटरवर हात टेकून तुम्ही सांगताय, ‘‘एक नंबर कमीच टाका. पूर्ण दिला की डोळा आळशी होतो.’’ दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, पोरीला फळा दिसणार नाही.’’ तुम्ही म्हणता, ‘‘दिसेल. जरा कष्ट पडू देत डोळ्याला.’’ मला फळा दिसला नाही, पप्पा. शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायचे, ती वही झाकायची तेव्हा नुसती बसून राहायचे. घरी येऊन रडले तेव्हा तुम्ही एकदाच आवाज चढवलात, ‘‘आत्यासारखं व्हायचंय का तुला?’’ गावाकडे आत्याचा नंबर दरवर्षी वाढत गेला होता, चष्म्यानेच वाढतो म्हणून आजोबांनी चष्मा काढून घेतला, मग शाळाही सुटली. पुढे तांदळातला खडा तिला दिसत नव्हता. तुम्हाला माझी शाळा सोडवायची नव्हती आणि चष्म्याची भीतीही जात नव्हती, म्हणून तुम्ही हा मधला रस्ता काढलात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आपण दिवा स्टेशनजवळ राहायचो. नळाला पाणी आलं तर आलं. तरी तुम्ही माझ्यासाठी आणलेली गाजरं ओट्याशी उभं राहून दोनदा धुवायचात, सोलून हातात द्यायचात, आणि मी संपवेपर्यंत हलायचा नाहीत.

नंबर काही थांबला नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या चष्म्याच्या काचा कडेला पार जाड झाल्या होत्या. पोरगी झाल्यानंतर एकदा ऑफिसात बसले असताना उजव्या डोळ्यात कडेने काळा पडदा सरकत आला. मला वाटलं लाइट गेली. लाइट गेली नव्हती, डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता; मोठा नंबर असला की तो ताणला जाऊन पातळ होतो. ऑपरेशननंतर कित्येक दिवस पालथं झोपून राहायचं होतं, जेवणसुद्धा मान खाली घालून. पोरगी जमिनीवर आडवी होऊन माझं तोंड बघायची. त्या दिवसांत मी तुमच्याशी खूप भांडले. त्या डोळ्याची नजर परत आली नाही. शेवटच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, लहानपणी कमी नंबर दिला त्याने झालं का हे? ते म्हणाले, ‘‘कमी नंबर देऊन काही फायदा होत नाही, हे आता माहीत झालंय. पण पूर्ण दिला असता तर डोळा वाचला असता, असं मी नाही सांगू शकत.’’ तुमच्यावर धड चिडायचीही सोय राहिली नाही.

आज तशाच खुर्चीत, ठाण्याच्या डॉक्टरांसमोर, तुमची नात बसली होती. डॉक्टरांनी वाढलेला नंबर सांगितला. मी म्हटलं, ‘‘मग ही भिंगं घालून उपयोग काय?’’ ते म्हणाले, ‘‘नसती घातली तर कदाचित जास्त वाढला असता.’’ कदाचित. तुम्हाला कुणी ‘कदाचित’ एवढंच सांगितलं असतं, तरी तेवढ्यावर तुम्ही नंबर कमीच टाकायला लावला असता.

परत येताना माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. शाळेला जाताना रोज इथेच मी तिला समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावते. ती घडाघडा वाचते, मला बरं वाटतं. आज मी वाचायला सांगितलं नाही, तर तीच म्हणाली, ‘‘आई, मला त्या पाठ आहेत.’’

‘‘म्हणजे दिसत नाहीत?’’

‘‘वरच्या दिसतात. खालच्या नाही दिसत. वाचल्या की तू खूश होतेस ना.’’

सिग्नल सुटला. मी तिचा हात धरून बसले. घर येईपर्यंत तो सोडला नाही. आता ती झोपली आहे, चष्मा उशाशी आहे. हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच, ते मलाही ठाऊक आहे. तुमची चूक नव्हती, एवढंच लिहायला बसले होते. तेवढं मात्र अजून मनापासून लिहिता येत नाही.