बिनआवाजाचा फिल्टर

१५ ऑक्टोबर, मंगळवार
जैनथच्या शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी खोलीही मिळाली. घरमालक मोतीरामकाका तहसिलीतून रिटायर झालेले. मी जय भीम म्हटलं, तशी त्यांनी चावीच हातात ठेवली. द्वारकामावशींनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, वर आणखी एक भाकर बळंच. हॉलमध्ये सहा फुटांची काचेची टाकी आहे, तीत नऊ गोल्डफिश. मला हसू आलं. आदिलाबादला भावाचं, भूषणचं, माशांचंच दुकान. इथंही मासे काही सुटले नाहीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार
टाकी त्यांच्या मुलीची, नेहाची. तीन वर्षांपूर्वी ती पैनगंगेत बुडाली, वीस वर्षांची होती. काकांनी हे टाकी पुसता पुसता सांगितलं आणि फडकं पिळत राहिले.
पाणी गढूळ झालंय, दोन मासे मेले. कोणता फिल्टर घ्यावा, काका विचारत होते. मी मापं घेतली, जवळजवळ सातशे लिटर. आत्ताचा स्पंज आणि हवेचा पंप एवढ्या पाण्याला पुरायचा नाही. काचेला लटकवायचाही कमीच पडेल, गोल्डफिश घाण फार करतात. टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर हवा.
मावशींचं म्हणणं एकच, आवाज नको. "या पंपाच्या घरघरीत मले काईच आयकू येत नाई, पोरी."
काय ऐकायचंय, हे मी विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
भूषण बसनं कॅनिस्टर घेऊन आला, जोडून गेला. हात लावल्याशिवाय चालू आहे हे कळत नाही. जुना पंप बंद झाला आणि घर एकदम गप्प झालं. मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

३० ऑक्टोबर, बुधवार
पाणी आरशासारखं झालंय. मावशी दिवसभर काचेला कान लावून बसतात. आज म्हणाल्या, नेहा बोलते. "आई, ये" म्हणते, मग नुसते बुडबुडे.
त्यांच्या समाधानासाठी मीही कान लावला. आत कुणीतरी श्वास घेतला. मी उठून बाहेर आले. नळीतलं पाणी वाजतं, असं मावशींना सांगितलं. त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या, काका म्हणाले.

४ नोव्हेंबर, सोमवार
शाळेतून साडेचारला आले. काका दुकानात गेले होते. टाकीचं झाकण काढून जमिनीवर ठेवलेलं, मावशी स्टुलावर ओणव्या, कमरेपर्यंत पाण्यात. मी ओढलं. खूप ओढलं. मासे त्यांच्या केसांत फिरत होते.
मावशी गेल्या.

७ नोव्हेंबर
फिल्टर मीच निवडला. घरघर असती तर त्यांना काहीच ऐकू आलं नसतं.
काका दवाखान्याचे कागद आणायला गेले तेव्हा मी पाणी सोडणाऱ्या नळीपाशी कान टेकवला. बराच वेळ. नेहाचा आवाज रडत होता, पण पूर्ण ऐकू आला.
आई, येऊ नको.
मावशींना अर्धंच ऐकू आलं होतं.

९ नोव्हेंबर
आता दोन आवाज. दुसरा मावशींचा. काकांना सांगितलं, मावशी येऊ नका म्हणतात. काकांचे कान अधू. म्हणाले, "मले त 'तुमी ये' एवढंच आयकू येते, मॅडम. बाकी बुडबुडे. बलावूनच राह्यली ना?"
जुना पंप लावायला शोधला. काकांनी तो आधीच विहिरीत टाकला होता.
भूषणला फोन केला. उद्या टेम्पो आणतो, टाकी घेऊन जातो. हे काकांना सांगायला नको होतं —

१० नोव्हेंबर, सकाळ
माझ्या दाराला बाहेरून कडी. काका दारापलीकडून माफी मागत होते. पोरगी एकटी होती तोवर कसंतरी काढलं, आता दोघी आहेत, म्हणाले.
हाका मारतेय. दार हलत नाही. भूषण अजून वाटेत —
झाकण काढल्याचा आवाज.
इथवर ऐकू येतंय. मावशी ओरडताहेत. येऊ नका, तुमी येऊ नका. काका, ऐका, पूर्ण ऐका, त्या येऊ न—