दिपाली, गाडीला कव्हर घेतलं

प्रिय दिपाली,

'प्रिय' हा शब्द मी आजवर कुणाला लिहिला नव्हता. तुझ्या सासूला लिहायची वेळ आली नाही, कारण ती माहेरी गेली तरी दोन दिवसांत परत यायची. बाकी माझं लिहिणं म्हणजे सोसायटीला अर्ज. सातवीनंतर आज पहिल्यांदा एवढं लांब लिहायला बसलोय, चुकलंमाकलं समजून घे. घरी सगळे बरे आहेत. सृष्टीचा खालचा दात पडला. तिनं तो पत्र्यावर फेकला आणि दुसऱ्या दिवशी नवा आला का म्हणून दिवसभर आरशात बघत बसली. बांड्या शेळीला जुळी पिल्लं झाली. शिवशंकरची शेतातली हळद कमरेला लागली आहे. आणि मुख्य बातमी ही, की तुझ्या गाडीला मी चांगलं कव्हर घेतलं.

तू म्हणशील, मामा, आता काहून? गाडी तर संक्रांतीपासून लिंबाखाली उभी आहे. ते सगळं सांगतो, कारण त्यात माझ्याच चुका आहेत आणि त्या तुला दुसऱ्याकडून कळायला नकोत. तू पोलीस ट्रेनिंगला गेल्यावर दोन महिने मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोंबड्या हँडलवर बसत. शेळीची पिल्लं सीटवर उड्या मारत. चैतात ऊन तापलं आणि सीटला बारीक भेगा पडल्या. मग अवकाळी आला. त्या दिवशी हळद झाकायला ताडपत्र्या काढल्या होत्या, त्यातली एक जुनी मी गाडीवर टाकली आणि सुतळीनं करकचून बांधली. मला वाटलं, झालं काम. महिन्यानं सोडून बघितलं तर आत सगळा घाम. वरून थेंब गेला नव्हता, पण जमिनीची वाफ आत कोंडून सायलेन्सरला तांबूस गंज धरला होता. वाऱ्यानं ताडपत्री फडफडून टाकीचा लाल रंग एका बाजूनं खरवडून निघाला होता. सुतळीचा काच पडला तो वेगळाच. हळद झाकायची वस्तू गाडीला चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता तू विचारणार नाहीस, पण मीच लिहितो. गाडी उघड्यावर का राहिली? गोठ्यात जागा होती. तू निघालीस त्या दिवशी गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात लावायला ढकलत नेत होतीस आणि मी आडवा झालो. साऱ्या गल्लीसमोर म्हणालो, "जिला लेकरू टाकून जायचंय, तिची वस्तू माझ्या छपराखाली नको." तू गाडी लिंबाखाली स्टँडवर लावलीस, किल्ली सासूच्या हातात दिलीस, सृष्टीचा मुका घेतलास आणि शिवशंकरच्या मागे बसून वसमतला गेलीस. मी मेंढरं सोडली आणि धरणाच्या काठानं इतका लांब गेलो, की माघारी यायला दिवस मावळला. त्यानंतर तुझा रविवारचा फोन आला की मी उठून बाहेर जायचो. तुला वाटत असेल, म्हातारा अजून रागातच आहे. राग वैशाखातच संपला होता. पण एकदा उठून बाहेर जायची सवय लागली, की बसून कसं राहायचं ते माणसाला कळत नाही.

जेठात मी आखाडा बाळापूरच्या बाजारातून एक चांदीसारखं चमकणारं कव्हर आणलं. रस्त्यावरच ढीग लावला होता. विकणारा म्हणाला, बारा महिने टिकंल. महिन्यात त्याची चांदी सुटून सृष्टीच्या हाताला लागायला लागली. शिवण उसवली. खालचा इलास्टिक एका बोकडानं चावून काढला. तुझी सासू म्हणाली, "सून पोलीस होऊन राहिली, अन् तिची गाडी भंगारवाल्याची दिसून राहिली."  

मग श्रावणात आपली दोन मेंढरं चोरीला गेली. चरायला सोडली होती तिथून कुणीतरी टेम्पोत घालून नेली. शिवशंकर म्हणाला, तक्रार द्या. मी म्हणालो, मेंढरासाठी कोण लिहून घेतं? तरी पोलीस ठाण्यात गेलो. तिथं टेबलाशी एक पोरगी होती, तुझ्याच वयाची, वर्दीतली. तिनं मला आधी बसवलं. पाणी दिलं. मग मेंढरांची खूण विचारली. मी सांगितलं, एकीचा डावा कान चिरलेला, दुसरीच्या कपाळावर टिकली. ती नीट लिहून घेऊन राहिली. मधेच तिचा फोन वाजला. तिनं हळूच विचारलं, "दूध पिलं का तिनं? व्हय, मी येते सहाला." फोन ठेवून मला म्हणाली, "माफ करा काका, पोरगी लहान आहे." मी विचारलं, तिला सांभाळतं कोण? ती म्हणाली, "सासू-सासरे. त्यांच्या जिवावर तर मी इथं उभी आहे." साधंच बोलली बिचारी, तिला काय माहीत समोर कोण बसलाय. लिहून झाल्यावर ती म्हणाली, काका, इथं सही करा. सही केली. आठव्या दिवशी टिकलीवाली मेंढी सापडली. चिरक्या कानाची गेली ती गेलीच.

तिथून बाहेर पडलो तो घरी न जाता सरळ स्टँडजवळ गुलाबसिंगच्या गॅरेजला गेलो. तुझी गाडी तोच दुरुस्त करायचा ना? मी म्हणालो, बाबा, गाडी उघड्यावर असते आणि उघड्यावरच राहणार, कारण आता गोठा खरंच भरलाय. तिला टिकाऊ झाकण पाहिजे. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "मामा, पावसानं गाडी जेवढी सडत न्हाई तेवढी कोंडल्यानं सडते. पाणी आत जाऊ नये अन् वाफ बाहेर निघावी, असं बघा." मला हसू आलं. म्हणालो, म्हणजे घोंगडी! जन्मभर मी पावसात घोंगडी पांघरून उभा राहिलो. वरून धार लागलेली असते आणि आत अंग कोरडं, ना घाम ना गारठा. आणि तीच गोष्ट गाडीपुरती मला सुचली नाही. गुलाबसिंगनं आणखी सांगितलं, की कव्हर आतून मऊ पाहिजे, नाहीतर रंग घासतो. पोटाखालून पट्टा पाहिजे, नाहीतर वारा उडवतो. आणि गाडी फिरवून आणली की सायलेन्सर थंड झाल्याशिवाय झाकायची नाही.

पुढच्या सोमवारी मी शेळी बांधायची दोरी घेऊन गाडी मोजली. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत एक गाठ, आरशांच्या रुंदीला दुसरी, उंचीला तिसरी. ती दोरी खांद्यावर टाकून वसमतच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पहिलं काळं, जाडजूड कव्हर पुढं टाकलं. काळं उन्हात तापतं म्हणून ते बाजूला सारलं. दुसरं गाडीपेक्षा हातभर मोठं होतं. ढिलं कापड फडफडणारच. तिसरं राखाडी. त्याच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली, शिलाई दुहेरी, आत मऊ अस्तर, दोन्ही बाजूंना वरून झाकलेल्या हवेच्या जाळ्या. मी म्हणालो, तांब्याभर पाणी द्या. दुकानदार बघतच राहिला. कापडाचा खोलगा करून शिवणीवरच पाणी ओतलं आणि म्हणालो, आता चहा मागवा. चहा पिऊन होईस्तोवर थांबलो. खालून हात फिरवला, कोरडा ठणठणीत. दुकानदार म्हणाला, "काका, वीस वर्षांत असं गिऱ्हाईक न्हाई आलं." त्याचा पट्टा जरा नाजूक होता, म्हणून आपल्या गावच्या निर्मलाबाईकडून दप्तराचा जाड पट्टा शिवून घेतला. बोकडासाठी लिंबाभोवती बाभळीच्या काट्याचं कुंपण घातलं.

परवा तीन दिवस झड लागली होती. उघडीप झाल्यावर कव्हर काढलं. टाकी कोरडी, सीट कोरडी, कुठं घाम नाही, कुठं वास नाही. गंज होता तो गुलाबसिंगनं आधीच घासून काढून तेल लावून दिलं आहे. खरवडलेला रंग मात्र तसाच ठेवलाय, तू आल्यावर तुझ्या मर्जीनं करून घे. शिवशंकर आठवड्याला एकदा कालव्याच्या रस्त्यानं फिरवून आणतो. सृष्टी पुढे टाकीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की गाडी आईची आहे, बाबा नुसते चालवून राहिले. आम्ही सगळे हसतो. घर बरं चाललंय दिपाली. लेकरू रात्री आजीजवळ झोपतं, पोटभर जेवतं, शाळेत जातं. तू घोर करू नको.

आता खरं सांगतो, पत्र कशासाठी लिहिलं. ट्रेनिंग संपतानाच्या तुझ्या परेडला घरून कोण येणार, ती नावं तू शिवशंकरला फोनवर सांगितली होतीस. शिवशंकर, सासू आणि सृष्टी, एवढीच नावं बोललीस. फोन स्पीकरवर होता, मी दाराआड उभा राहून ऐकलं. बराबर केलंस. जो माणूस तुझ्याशी नऊ महिने बोलला नाही त्याचं नाव तू काय म्हणून घालशील? पण पोरी, तुला चालत असेल तर त्यात चौथं नाव घाल. छपराखालचा जो शब्द मी गल्लीसमोर बोललो, तो मी गल्लीसमोरच परत घेतला आहे. पारावर चार माणसांत सांगितलं, की माझं चुकलं. तुला सांगायचं राहिलं होतं. फोनवर जमलं नसतं, म्हणून कागदावर सांगतो. मेंढरं चार दिवस सांभाळायला शेजारच्या फुलसिंगला विचारून ठेवलंय. तू नको म्हणालीस तरी मला राग येणार नाही. शिवशंकर म्हणतो, आबा, तिथं सगळ्या पोरी एकसारख्या टोपीत, एकसारख्या चालणार, तुमाला दिपाली कुठली ते कळायचं न्हाई. मी त्याला सांगितलं, कळपातलं माझं जनावर मी फर्लांगभर लांबून चालीवरून ओळखतो. माझी सून मला ओळखू येणार नाही व्हय?

तुझाच,
मामा
(ग्यानबा)