भयपटाचा क्लायमॅक्स आणि मलकापूरचं बाळंतपण

३ फेब्रुवारी १९७६, कोरेगाव
आजपासून सिगारेट बंद, भयपट सुरू. मराठीत भुतं पुष्कळ, सिम्बॉलिझम शून्य. ही उणीव हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर जोतीराम, म्हणजे मी, भरून काढणार. स्टोरी : मेलेली तान्ही मुलगी त्याच आईच्या पोटी पुन्हा जन्म घेते आणि बापाचा सूड घेते. कथा शंभर टक्के काल्पनिक.

५ फेब्रुवारी
अंजना बाळंतपणाला माहेरी, मलकापूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी बारा मार्च तारीख दिली आहे. मी आठपासून रजा टाकणार. पहिल्या खेपेस पोरगी सहा दिवस जगली आणि मी सातव्या दिवशी पोचलो. कारण योग्य होतं. नाट्यस्पर्धेचे पडदे रंगवायचे होते. तो विषय मिटलेला आहे.

११ फेब्रुवारी
औंधला देवळात रिसर्च. गाभारा म्हणजे गर्भ. अंधारात वाकून शिरायचं, नवा जन्म घेऊन बाहेर यायचं. पुजाऱ्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, मागं लाइन थांबलीय. बाहेर येताना चौकटीला डोकं आपटलं. टेंगूळ.
सिगारेट एकच.

२० फेब्रुवारी
सासूबाईंचं, रंगुबाईंचं पत्र. तीच पोर परत येतेय असं त्यांना वाटतं. विज्ञानयुगात असल्या अंधश्रद्धेला थारा नाही, असं कडक उत्तर धाडलं.
स्टोरीत बाप थोडा सुधारला. आता त्याची एस.टी. चुकते, म्हणजे तो निर्दोष. तरी मुलगी सूड घेतेच. तीनदा बदलून पाहिलं. ऐकत नाही.

२ मार्च
टुरिंग टॉकीजवाल्या आप्पासोंच्या ओळखीचे प्रोड्युसर नऊ तारखेला सांगलीत येणार. स्टोरी ऐकायला तयार. तेव्हा रजा नऊपासून. वाचून थेट मलकापूर. बारा म्हणजे बाराच, पोर काय आधी येतेय.

९ मार्च, सांगली
प्रोड्युसर आले नाहीत. उद्या नक्की.

१० मार्च
उद्या नक्की.

११ मार्च, संध्याकाळ
वाचन झालं. गाभाऱ्याच्या सीनला प्रोड्युसर पान खात होते. मग म्हणाले, बाप पोचत का नाही ते पटत नाही, एस.टी. दुसरी मिळते की. मी म्हटलं, समजा, त्याला पडदे रंगवायचे होते. ते हसले. असल्या बापाचं काहीही झालं तरी पब्लिकला वाईट वाटणार नाही म्हणाले. वही परत दिली.
लॉजवर आप्पासो कोरेगावहून तार घेऊन आलेले. शाळेत आली होती, नऊ तारखेला. अंजना बाळंत झाली.
पाच सिगारेटी.

१२ मार्च, मलकापूर
डॉक्टरीणबाईंच्या तारखेला हजर.
मुलगी तीन दिवसांची. सासूबाईंनी पाणी दिलं. त्या आत गेल्यावर मी अंजनाला हळूच विचारलं, तीच आहे का गं?
तिनं पोरीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "न्हाई. ती गेली. तिला तुमी बघितलीच न्हाई, वळकणार कशी? ही दुसरी हाय. घ्या."
मला धरता येईना. अंजनानं माझा पंजा धरून पोरीच्या मानेखाली नीट ठेवला. पोरीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखून वाट बघत राहिलो.
तिनं माझा शर्ट ओला केला आणि झोपली.