माझ्या सीटखालचं तळं

तीर्थस्वरूप साडूसाहेबांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे. गोड मानून घ्यावा.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचं पित्त? लेक कामावर रुजू झाली असेल आणि नात आता भिंतीला धरून चालायला लागली असेल. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन गच्चीत फिरवता असं कानावर आलं. फिरवा, पण गुडघा सांभाळून. या सगळ्या बातम्या मला ऐकीवच मिळतात, कारण फोन या दोघी बहिणींच्या ताब्यात असतो. रोज संध्याकाळी त्यांचं चालतं, मी शेजारी बसून 'हो का', 'अगं बाई', 'मग?' एवढंच ऐकतो, आणि अधूनमधून तिकडे मागे कोणीतरी खोकतं. तो खोकला तुमचा. मी लगेच ओळखतो. खणखणीत असला की मला बरं वाटतं, आणि घरघर असली की त्या दिवशी मला जेवण जात नाही. पण खोकल्याला उत्तर काय देणार? म्हणून पत्र लिहायला बसलो.

तर विषय गाडीचा. 'गाडी उगीच उभी आहे, विकून मोकळे व्हा' असा तुमचा निरोप दोघींमार्फत पोचला. (वाटेत त्याला तिखटमीठ लागलं असणार, तरी मूळ माल तुमचाच.) मला तो लागला, हे लपवत नाही. वरच्या मजल्यावर तुम्ही, खाली आम्ही आणि दारात दोघांत मिळून एक गाडी, याला सगळे हसले होते. सासरेबुवा तर म्हणाले होते की हे दोघे महिनाभरात गाडीचे दोन तुकडे करून वाटून घेतील. पण आपली ठरलेली वाटणी त्यांना कुठे माहीत होती? स्टिअरिंग तुमचं, बोलणं माझं. मला चालवता येत नाही असं नाही, लायसन आहे. पण तुम्ही चालवत असताना मला जेवढं सुचतं तेवढं स्वतः चालवताना सुचत नाही. 'पुढे खड्डा', 'डावीकडून सायकल', 'सिग्नल लाल' हे तुम्हाला धडधडीत दिसत असताना मी सांगायचं आणि तुम्ही 'हूं' म्हणायचं. दर रविवारी. मग तुम्ही 'थोडे दिवस लेकीकडे जाऊन येतो' म्हणून गेलात. ते थोडे दिवस अजून संपायचेत. गाडी तेव्हापासून त्या झाडाखाली जशीच्या तशी उभी आहे. मी तिच्याकडे फिरकलोसुद्धा नाही, खोटं कशाला सांगू? माणसाला आपली कामं असतात.

गाडीत पाणी शिरतंय याचा शोध हिला लागला. गाडीत राहिलेली छत्री आणायला ही भर पावसात गेली, दार उघडलं, माझ्या सीटसमोर पाय ठेवला आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. बाहेर होती तोवर एवढी भिजली नव्हती. घरात आली ती माझ्याकडे असं बघत की जणू मीच रोज बादली नेऊन आत ओततो. दुसऱ्या दिवशी पायाखालचं मॅट उचललं तर त्याखाली बुरशी, आणि कोपऱ्यात चक्क एक अळंबी उगवलेली, गोरीगोमटी, मान तिरकी करून. तुमच्या बाजूला मात्र सगळं खडखडीत कोरडं. (माझ्या नशिबाचं हे असं आधीपासूनच आहे. सासरच्या त्या घरातसुद्धा गळणाऱ्या कौलाखालची गादी मलाच मिळायची.) तिथल्या तिथे हिनं निकाल दिला : 'येत्या रविवारी त्या जागी मला कोरड्या पायानं बसता आलं तर गाडी राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला येऊन ओढून नेईल, मी त्याला फोन करून ठेवलाय.' तुमचा तो निरोप, हिचा हा निकाल. मी एकटा पडलो. तुमचं वरचं घर म्हणजे आता नुसतं कुलूप आहे. गाडीही गेली तर तुम्हाला इकडे यायला निमित्त काय उरणार? म्हणून मी कंबर कसली. (पट्टा बांधून.)

आधी मला दाराच्या रबराचा संशय आला. पाणी कुठून वाट काढतं ते दिसावं म्हणून मी हिची पावडर दाराच्या कडेकडेनं भुरभुरवली आणि पावसाची वाट बघत बसलो. पाऊस आला. पावडर जागची हलली नाही, पाणी मात्र आत हजर. गाडीला तेवढा सुवास सुटला आणि पावडरीचा डबा रिकामा झाल्याबद्दल घरात काय झालं ते लिहीत नाही, ताईंना कळलं असेलच. मग आपले सल्लागार आले. (तुम्हाला आठवत असतील, समोरच्या बिल्डिंगमधले, ज्यांना कोणी काही विचारत नाही म्हणून आपण सल्लागार नाव ठेवलं होतं.) ते म्हणाले, हे पावसाचं पाणी नाहीच, इंजिन थंड ठेवायला घालतात ते आहे, चाखून बघा, गोड लागलं की समजा. मी म्हटलं, तुम्हीच चाखा. ते म्हणाले, गाडी तुमची. हा मुद्दा बिनतोड होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड नव्हतं. मोजे धुतलेल्या पाण्याची चव जशी असेल तसं काहीतरी होतं. सल्लागारांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, म्हणजे पावसाचंच. एवढं सांगून ते चहाला थांबले.

तिसरा प्रयोग गॅरेजवाल्याचा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर टकटक केली, 'काच' एवढाच शब्द उच्चारला आणि पुढच्या काचेला चारी बाजूंनी काळी पेस्ट फासली. शिवाय ओलावा बाहेरून येऊ नये म्हणून गाडीच्या तळातली दोन बुचंही गच्च बसवून टाकली. त्याचा परिणाम असा झाला की पाणी पूर्वीसारखंच आत येत राहिलं, पण पूर्वी जे थोडं झिरपून जायचं तेही थांबलं. पुढच्या पावसानंतर माझ्या सीटखाली तळं साचलं. गाडीचं दार लावलं की त्यावर तरंग उठायचे. मी डबड्यानं पाणी उपसत होतो आणि रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. खरं सांगतो, त्या वेळी तुमची फार आठवण झाली. तुम्ही काही बोलला नसतात. मागे हात बांधून उभे राहिला असतात आणि 'हूं' म्हणाला असतात. एकट्यानं वेडेपणा करणं आणि शेजारी तुम्ही असताना तोच वेडेपणा करणं यात फार फरक आहे, साडूसाहेब.

शेवटी रविवार उजाडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, की गळती एकट्यानं सापडत नाही. एकानं आत बसायचं आणि एकानं बाहेरून पाणी सोडायचं. हे काम मुळातच दोन साडूंचं आहे. तुम्ही नाही, म्हणून हिला नळी धरायला उभं केलं. मी आत शिरलो. माझ्या सीटसमोरच्या खळग्यात डोकं, पाठ सीटवर, पाय वर मागच्या काचेकडे, हातात टॉर्च, अशी माझी अवस्था. ठरलं असं की पाणी दिसलं की मी हॉर्न दाबणार आणि ही नळ बंद करणार. पाणी दिसलं. नुसतं दिसलं नाही, डॅशबोर्डच्या मागून, पंख्याची हवा येते त्या वाटेनं, थेट माझ्या नाकात आलं. मी हात लांबवून हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही, कारण तुम्ही गेल्यापासून गाडी सुरू झालेली नाही आणि बॅटरीनं कधीच मान टाकली आहे. मी ओरडलो, तर तोंडात पाणी. मी काचेवर लाथा मारल्या. ही बाहेर मान वाकडी करून खांद्यावर फोन धरून ताईंना सगळं वर्णन ऐकवत होती, आणि माझे पाय बघून तिला वाटलं, पाणी सापडल्याचा आनंद झालाय. तिनं नळ आणखी सोडला.

आणि तेवढ्यात फोनमधून ते आलं. फोनच्या त्या टोकाचं तुम्हाला माहीतच आहे, या टोकाचं सांगतो. ही दार उघडून आत वाकली आणि म्हणाली, "अहो, भाओजी विचारतायत, सुई घातली का?" मी उताणा, नाकातोंडात पाणी, आणि मला आधी काही कळेचना. मग सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. दर रविवारी गाडी धुऊन झाली की तुम्ही बॉनेट उघडून, मान खाली घालून, काचेखालच्या पन्हळीच्या दोन्ही कोपऱ्यांत ताईंची विणायची सुई खुपसत होतात. मी बाजूला उभा राहून 'आटोपली का पूजा?' म्हणत होतो आणि तुम्ही 'हूं'. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मी कधी विचारलं नाही. ते पाणी वाहून जायचं भोक होतं! झाडाची पानं पडून ते बुजतं, मग पन्हळ भरते आणि पाणी आत घुसतं. आपण इतकी वर्षं कोरडे बसलो ते तुमच्या त्या सुईमुळे.

ओल्या कपड्यांनी वर गेलो, तुमचं कुलूप उघडलं. (चपला बाहेर काढल्या होत्या, ताईंना सांगा.) खुर्च्यांवर चादरी, खिडकीजवळ तुमच्या चष्म्याचं रिकामं घर, दाराशी तुमच्या जुन्या चपला, एक सरळ आणि एक पालथी. पालथी होती ती सरळ केली. सुई जोड्यांच्या कपाटावर तुमच्या फाटक्या बनियनमध्ये गुंडाळलेली सापडली, हिरव्या टोपीची. ताईंनी माझ्यासाठी घातलेला स्वेटर एका बाहीवर का थांबला, तेही त्या क्षणी उलगडलं. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. घर बंद असलं तरी तुमच्या तेलाचा वास अजून आहे. मग खाली आलो, डावीकडच्या कोपऱ्यात सुई घातली, आणि काळ्या झालेल्या पानांचा बोळा निघाला. चाकामागून घळाघळा पाणी पडलं. इतकं बरं वाटलं की मी ओल्या अंगानं हसत सुटलो आणि ही म्हणाली, आधी टॉवेल घ्या. संध्याकाळी ती माझ्या सीटवर बसली, पाय टेकवले, तळव्यानं मॅट चाचपलं आणि 'वास येतोय अजून' म्हणून उठली. सोमवारी भंगारवाला आला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. जो माणूस गाडी विकून मोकळे व्हा म्हणतो, तो नातीला सोडून फोनजवळ येऊन सुईची चौकशी कशाला करेल? उत्तर देऊ नका, मी माझं काढलं आहे. ताईंना नमस्कार, लेकीला आणि जावयांना आशीर्वाद, नातीचा पापा.

तुमचा,
शेजारच्या सीटवरचा साडू

ता. क. : डावीकडचं भोक मोकळं झालं, पण उजवीकडचं काही केल्या होत नाही. सुई जातच नाही. त्याला तुमचाच हात पाहिजे. गाडी पुन्हा पाण्यात जाऊ द्यायची नसेल तर एखाद्या रविवारी येऊन जावं. राहायचं की नाही ते नंतर बघू.

आणखी ता. क. : येताना बॅटरी आणू नये, इथे मिळते. फक्त तुम्ही या.

भाओजी, नमस्कार. ह्यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं, आणि मी वाचलं. उजवीकडचं भोक ह्यांनी त्याच दिवशी साफ केलं होतं, मी खिडकीतून बघत होते. नंतर जाऊन त्यात पुन्हा पानं कोंबून आले. ती मी काढली. गाडी आता दोन्हीकडून कोरडी आहे. भंगारवाल्याचं मी उगीच म्हटलं, माझ्याकडे त्याचा नंबरसुद्धा नाही. आणि गाडीकडे फिरकलो नाही म्हणतात, तर तुम्ही गेल्यापासून दर रविवारी सकाळी आंघोळ करून किल्ली घेऊन जातात, आधी तुमची सीट पुसतात आणि मग शेजारी आपल्या सीटवर बसून राहतात. मला सांगत नाहीत, मीही विचारत नाही. पाणी मला छत्री आणायला गेले तेव्हा कळलं असं त्यांना वाटतं. त्याच्या कितीतरी आधीपासून दर रविवारी दुपारी मी त्यांचे ओले मोजे वाळत घालत होते.

आता मोजे कोरडे असतात. बसणं चालूच आहे.