भावाचं दार

शालिग्रामदादा,

रायपुरात पावसानं अडवलं म्हणून चित्रांच्या गॅलरीत शिरले. आत भिंतभर एकच चित्र, नुसते ब्रशचे फराटे, निळ्यावर पिवळे. मले हसूच आलं. स्टेशनच्या पाट्या रंगवून आला की तू माझ्या दाराले ब्रश पुसायचा, ते हुबेहूब असंच दिसे. पोरीच्या लग्नात पाहुणे काय म्हणतील म्हणून मी ते दार घासून काढलं. तेव्हापासून तू आलाच नाही.

चौकीदारानं विचारलं, "दीदी, कुछ समझ में आया?"

"हव," म्हटलं, "मेरे भाई का दरवाजा है."

दिवसभर त्या चित्रासमोरच बसले.

हे पत्र टाकत नाही. उद्या बिलासपूरले तुलेच घ्यायले येते. दार अजून कोरंच आहे. ब्रश धुऊ नको.

तुझी प्रेमला